कादंबरीची भिशी

लासलगावात दोन माणसं भेटली की तब्येतपाण्याची चौकशी नंतर, आधी "काय निघाला?" म्हणजे कांदा आज काय भावाने निघाला. इथली बाजार समिती 1947 सालची, आणि तिचं नाव घेताना आशिया खंडातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ असं म्हणायची वर्तमानपत्रांना सवयच आहे. अशा गावात भलतंच काही विचारणं हा अगोचरपणा. तरी कुणी धीर करून "सध्या काय वाचताय?" असं विचारलंच, तर समोरचा गोंधळत नाही. तो खिशातून मोबाईल काढतो आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचून दाखवतो, "उन्हाळ, किमान इतके, कमाल इतके, सरासरी इतके."

त्यामुळे आमच्या गावात वाचकांचा गट काढायचं ठरलं, तेव्हा पहिली अडचण पुस्तकांची नव्हती, तारखेची होती. मार्च ते मे उन्हाळ कांद्याची काढणी आणि तो चाळीत भरण्याची घाई. जूनपासून पेरण्या आणि पोळ कांद्याची रोपं. ऑक्टोबरात द्राक्षवाल्यांची छाटणी. त्या महिन्यात निफाड तालुक्यातला बागायतदार घरच्या लग्नालाही पाहुण्यासारखा येतो. मग लाल कांदा बाजारात, त्याच्या पाठोपाठ उन्हाळची लागवड, जानेवारीपासून रांगडा आणि द्राक्षाची तोड. वाचनासाठी सोयीचा महिना कोणता, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी एका आबांनी सांगितलं, "अधिक महिना धरा. तीन वर्षांतून एकदा येतो, तेवढं जमंल."

शेवटी 27 फेब्रुवारी ठरली. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आणि त्यांचं मूळ गाव शिरवाडे आमच्याच तालुक्यातलं, म्हणजे तारीख घरचीच. साल 2023. त्या दिवसांत कांद्याचा भाव इतका कोसळला होता की नेमक्या त्याच दिवशी शेतकऱ्यांनी लासलगावचे लिलाव बंद पाडले. संध्याकाळी आमच्या उद्घाटनाला गर्दी झाली. त्या गर्दीत साहित्यप्रेम किती आणि बाजार बंद असल्याची मोकळीक किती, हे मोजायची ती वेळ नव्हती. व्यासपीठावरून मराठी भाषेच्या भवितव्याची चिंता व्यक्त झाली, खालून कांद्याच्या भवितव्याची.

उद्घाटनानंतर कार्यकारिणी निवडली. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष दोन (एक शिवाजी चौकातला, एक स्टेशनकडचा, नाहीतर तिकडचे लोक येत नाहीत), सचिव, सहसचिव, खजिनदार, सल्लागार. एवढं झाल्यावर पाहिलं तर नुसता सभासद असा एकच गृहस्थ उरला होता. त्यालाही वाईट वाटू नये म्हणून प्रसिद्धिप्रमुख केलं. त्याने पहिलं काम फ्लेक्सचं केलं. फ्लेक्सवर सगळ्यांचे फोटो होते, दोन आमदारकीच्या इच्छुकांचेही होते. फक्त पुस्तक नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "जागाच राहिली नाही."

आमच्या तालुक्याला हा सभांचा नाद जुना आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, 1842 चा. त्यांनी आणि लोकहितवादींनी 1878 मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरवली, आणि पुढची सगळी साहित्य संमेलनं त्या सभेची वंशावळ सांगतात. दुसऱ्या संमेलनाचं आमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी येणार नसल्याचं पत्राने कळवलं, आणि का येणार नाही तेही खणखणीत कळवलं. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभेत बसून आम्ही काय करायचं, असा त्यांचा सवाल होता. मराठी साहित्यात गैरहजेरीला इतकं तात्त्विक बळ पुन्हा कधी लाभलं नाही. आमचे उपाध्यक्ष गैरहजेरी कळवतात ती व्हॉट्सॲपवर, हात जोडलेल्या चित्राने. ते चित्र नमस्काराचं, आभाराचं की श्रद्धांजलीचं, हे दुसऱ्या दिवशी भेटल्यावर कळतं.

आता पुस्तकनिवड. हा भाग मला फार शिकवून गेला. लासलगावचा लिलाव ज्याने पाहिला आहे त्याला माहीत असेल: ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, एकजण वरचे चार कांदे उचलतो, एखादा दाबून बघतो, पुकारा होतो आणि अर्ध्या मिनिटात सौदा होऊन घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. आमच्या गटात कांद्याचे दोन व्यापारी होते. त्यांनी पुस्तकंही तशीच घेतली. टेबलावर पुस्तकांची रांग मांडली होती. एकाने 'हिंदू' उचललं, हातात तोललं, सहाशे पानांच्या घरातला तो माल बघून काही न बोलता खाली ठेवलं. 'कोसला' मधूनच उघडलं, चार ओळी वाचल्या, "ओला आहे" म्हणाला. 'मृत्युंजय'ला "माल चांगला, पण वाहतूक परवडायची नाही." 'रणांगण' दिसल्यावर दोघांचेही डोळे चमकले. बारीक पुस्तक! पुकारा सुरू व्हायच्या आत 'बनगरवाडी' मधे आलं, तेही बारीक, शिवाय धनगरांचं, म्हणजे माहितीतलं. सौदा 'बनगरवाडी'वर ठरला. 'बटाट्याची चाळ'ही रांगेत होती. आमच्या भागात चाळ कांद्याची, त्यामुळे एका तरुण शेतकऱ्याने ते पुस्तक उत्साहाने घरी नेलं आणि आठवड्याने परत आणून दिलं. म्हणाला, "हवा खेळती ठेवण्याबद्दल काहीच नाही यात. पण हसलो बुवा."

आमच्याकडे कांदा खळ्यावर ओतल्यावर खालचा माल वरच्यासारखा निघाला नाही तर व्यापारी वांधा काढतो आणि भाव पाडून मागतो. पुस्तकाच्या बाबतीत ही सोय नाही. खालचा माल कसा आहे हे कळेपर्यंत दीडशे पानं ओतून झालेली असतात.

वाचनालयांची प्रतवारी सरकारने 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशी केलेली आहे. वाचकांची कुणी केलेली नाही. केली तर गोल्टी, म्हणजे बारका माल, फार निघेल. मी हे अंदाजाने सांगत नाही, माझ्यापाशी पुरावा आहे. गटाने 'ययाति'ची एकच प्रत घेतली आणि ती सभासदांत फिरवली. फिरून आल्यावर ती माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या पोटातून खुणा निघाल्या. एकतिसाव्या पानावर एक काटापट्टी, वजनाच्या आकड्यासकट. त्यापुढे थोड्या अंतरावर लासलगाव–येवला एसटीचं तिकीट. मग गोळ्यांचं रिकामं पाकीट; हा सभासद ॲसिडिटीवाला, लगेच ओळखू आला. मग एका साखरपुड्याच्या पत्रिकेचा दुमडलेला कोपरा. शंभराव्या पानाच्या पुढे एकही खूण नव्हती. पुढची पानं अशी कोरी करकरीत होती की खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं ते पहिल्या शंभर पानांसाठीच, असं वाटावं. चर्चेच्या दिवशी मात्र सर्वांनी देवयानी आणि शर्मिष्ठा यांवर हिरिरीने मतं मांडली. काटापट्टीवाले सर्वांत जास्त बोलले.

यात खोटेपणा आहे असं मला वाटत नाही. न वाचलेल्या पुस्तकावर बोलणं ही आपल्याकडची जुनी आणि प्रतिष्ठित कला आहे. तिच्या जोरावर कित्येक परिसंवाद पार पडतात. शिवाय 'ययाति'ची गोष्ट महाभारतातली, ती कीर्तनात ऐकलेली असतेच.

गटाचा व्हॉट्सॲप समूह हा स्वतंत्र विषय आहे, पण तो थोडक्यात आटोपतो, कारण तुम्हीही अशाच एखाद्या समूहात असणार. सकाळी सुविचार, अकराला बाजारभाव, दुपारी झोप, रात्री राजकारण. पुस्तकाचा उल्लेख झाला की खाली लगेच प्रश्न येतो, "पीडीएफ आहे का कुणाकडे?" असते कुणाकडे तरी. ती येते, सगळे जोडलेले हात पाठवतात, आणि कुणीही ती उघडत नाही. कांद्याला भाव मिळत नाही म्हणून रस्त्यावर उतरणारी माणसं लेखकाचा माल मात्र फुकट मागतात, आणि यात काही विसंगती आहे असं सांगितलं की "लेखकाला कुठे खतं-औषधं लागतात?" असं उत्तर मिळतं.

एक सभा मात्र खरोखर झाली. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यातबंदी केली. भाव पडले, शेतकरी भडकले, लिलाव बंद झाले. त्या आठवड्यात आमचं पुस्तक होतं सदानंद देशमुखांचं 'बारोमास'. पुस्तक विदर्भातलं, पिकं वेगळी, बोली वेगळी. पण शिकलेला पोरगा, हातात नोकरी नाही, शेतात पैसा नाही आणि घरात रोजची धुसफूस, हे सगळं कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. ज्यांनी वाचलं होतं ते पुस्तकावर बोलले, ज्यांनी नव्हतं ते स्वतःच्या घरावर बोलले, आणि कोण कशावर बोलतंय हे कळत नव्हतं. शरद जोशींच्या 1980 च्या आंदोलनात रस्त्यावर बसलेले एक तात्या होते. एरवी ते सभेत डुलकी काढतात. त्या दिवशी ते बोलले आणि कोणी घड्याळ पाहिलं नाही. चहावाला कप न्यायला आला, तोही ऐकत उभा राहिला. पुढच्या महिन्यात आम्ही त्याच उत्साहाने एक प्रवासवर्णन घेतलं. लिलाव सुरू झालेले होते. तिघे आले. त्यांतले दोघे पदाधिकारी, तिसरा सभागृहाची किल्ली परत घ्यायला आलेला.

मंडळ विसर्जित झालं नाही. आपल्याकडे मंडळं विसर्जित होत नाहीत, ती लेटरहेडवर राहतात.

त्याच सुमारास आमच्या गल्लीत अखंड हरिनाम सप्ताह बसला, आणि मंडपात बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की महाराष्ट्रात वाचकगट काढायची गरजच नाही, ते गावोगाव शतकानुशतकं चालू आहेत. ज्ञानेश्वरीचं पारायण म्हणजे दुसरं काय? अठरा अध्याय, नऊ हजारांच्या घरात ओव्या, आणि सात दिवसांत पुस्तक पुरं. पीडीएफ कुणी मागत नाही. ज्याची काटापट्टी एकतिसाव्या पानावर अडकली होती, तोच गृहस्थ पहाटे अंघोळ करून व्यासपीठासमोर पोथी उघडून बसलेला होता आणि ओळ चुकली की शेजाऱ्याला कोपर मारत होता. माणूस तोच, डोळे तेच. मग 'ययाति'नेच काय घोडं मारलं होतं?

मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, हे अर्धवट टाकून कसं चालंल?" बस. सगळं त्यात आलं. पोथी अर्धवट सोडता येत नाही. तिला दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, सोबत बसणारे ठरलेले, शेवटी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद ठरलेला. शिवाय पोथ्यांना फलश्रुती असते: वाचलं तर काय मिळेल हे शेवटी स्वच्छ सांगितलेलं. कादंबरीला ते नाही. मलपृष्ठावर प्रकाशक काहीबाही लिहितो, पण "ही कादंबरी जो भावे वाचील, त्याचे नातेवाईक वेळेवर उसने परत देतील" असं छापायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

आमचं मंडळ लेटरहेडवर गेल्यावर गावातला वाचकगट जिथे चालू राहिला ती जागा आमच्याच घरात होती, आणि मला कळायला उशीर झाला. कारण त्या दुपारी मला बाहेर पाठवण्यात येत असे. हिची भिशी. महिन्याला प्रत्येकी ठरावीक रक्कम, चिठ्ठी, खाणं आणि गप्पा, ही भिशी बरीच वर्षं चालत आलेली. मग पुस्तकभिशीची कल्पना त्यांच्या कानावर आली. महाराष्ट्रात बऱ्याच गावांत ती चालते: चिठ्ठी जिची निघेल तिने त्या पैशांची पुस्तकं घ्यायची. आमच्याकडच्या बायकांनी भिशीची निम्मी रक्कम पुस्तकांना लावली. निम्मी का, तर एक काकू म्हणाल्या, "सगळी नको. मिक्सरही बिघडतो."

त्यांचे नियम लिहिलेले नाहीत, म्हणून ते पाळले जातात. अध्यक्ष नाही. ज्या घरी भिशी, तिची सत्ता. चहाचं आधण उकळल्यावर येणारीला वीस रुपये दंड, आणि त्याची भेळ. जिने पुस्तक आणलं तिने ते गोल फिरवायचं, आणि फिरून आल्यावर ते तिचं. आणि सर्वांत भारी नियम: जिने पुस्तक वाचलं नसेल तिने आधी बोलायचं. ती बिचारी मुखपृष्ठ बघून, मागचा मजकूर चाळून, काहीतरी गोष्ट रचते. मग वाचलेल्या बायकांना ते सहन होत नाही. "अगं, असं नाहीये ते! तिने नवऱ्याला सोडलं नाही, नवऱ्याने तिला सोडलं." "सोडलं कुठे, तो परत आला होता." "आला, पण कशाला आला?" आणि चर्चा पेटते. साहित्यसमीक्षेच्या इतक्या सोप्या आणि बिनखर्चाच्या पद्धतीचा विद्यापीठांनी विचार करायला हरकत नाही.

या गटाच्या पुस्तकांतही मी खुणा शोधल्या. काटापट्टी नाही, तिकीट नाही. 'श्यामची आई'च्या त्यांच्या प्रतीला पहिल्या पानापासून हळदीचे अंगठे आहेत. कुठे फोडणीचा शिंतोडा, कुठे पिठाचा पांढरा पुसट पट्टा, एका पानावर मेंदीचा तपकिरी ठसा. आणि शेवटच्या पानावरही अंगठा आहे, पिवळाधमक. साने गुरुजींनी ते पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. आमच्या मंडळाच्या सहसचिवांनी ते वाचायला मागून नेलं त्याला आता बरेच हंगाम लोटले.

चातुर्मासाचा तेवढा घोळ होतो. या कांद्याच्या राजधानीतसुद्धा चार महिने कांदा न खाणारी घरं आहेत, त्यामुळे आषाढातल्या कांदेनवमीची भिशी सर्वांत मोठी होते. कांदाभजी, कांद्याची थालीपीठं, आणि मग पुढच्या चार महिन्यांची पुस्तकं एकदमच ठरतात. मी एकदा सुचवून पाहिलं की चातुर्मासात रोज थोडी कादंबरी वाचायचा नेम धरावा. हिने सांगितलं, "अहो, नेम आम्ही धरू, तुम्ही तेवढा मोबाईल सोडा."

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना मी त्यांना सांगितली, तीही त्यांना आधीच माहीत निघाली. विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ती सुरू केली. पुस्तकांनी भरलेली पेटी वाचकांच्या गटाकडे येते, गट ती आपापसांत फिरवतो, काही महिन्यांनी पेटी बदलून मिळते. लोकांच्या देणगीतून या पेट्या वाढत गेल्या, आणि दुबईसारख्या ठिकाणी मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचल्या. म्हणजे नाशिक जिल्ह्यातून दुबईला जाणाऱ्या दोन प्रमुख जिनसा, कांदा आणि कादंबरी. पैकी कादंबरीवर अजून तरी निर्यातशुल्क लागलेलं नाही. भाव कडाडल्याशिवाय दिल्ली हस्तक्षेप करत नसते, आणि मराठी पुस्तकाचा भाव कडाडण्याची भीती नाही.

माझं मत विचाराल तर मंडळ आणि भिशी यांत वाचनाच्या आवडीचा फरक नव्हता. आमच्या मंडळातही दोन-चार जण खरे वाचणारे होते आणि भिशीतही नुसत्या भेळेला येणाऱ्या आहेत. फरक एवढाच, की भिशीत पैसे भरलेले असतात आणि खाणं ठरलेलं असतं. मंडळात आम्ही सगळं फुकट ठेवलं आणि वर प्रत्येकाला पद दिलं. घरी बसून पद मिळत असेल तर पुस्तक कशाला वाचायचं? तुमच्या गावात गट काढायचा असेल तर अध्यक्ष नेमू नका, फ्लेक्स छापू नका, दंड ठेवा आणि पहिलं पुस्तक बारीक घ्या. आणि सुरुवातीला कुणालाही "कसं वाटलं?" असं विचारू नका, माणूस घाबरतो, "कुठपर्यंत आलात?" एवढंच विचारा.

लासलगावकर वाचकांसाठी: भिशीला आता पुरुषांनाही प्रवेश आहे, मात्र मत द्यायला सहा महिने थांबावं लागतं आणि तोवर खुर्च्या लावाव्या लागतात. पुढचं पुस्तक 'बनगरवाडी' आहे, म्हणजे मंडळातल्या जुन्या मंडळींनाही ते नवीनच असेल. येताना वर्गणी रोख आणा. आणि चहाचं आधण चारला चढतं.